विसावं अंडं

गेल्या ईस्टरला दांडग्या पोरांनी
चार मिनिटांत सगळी अंडी लुटली,
नामी रिकामी टोपली डोक्यावर घालून बसली.

यंदा मी कवचं टोचून, फुंकून रिती केली
(आठवडाभर घरात ऑम्लेटच),
कुणात मोहरी भरली, कुणात बाजरी,
भोकाला मेण.
सतारवाले मुनाफचाचा कानाशी हलवून म्हणाले,
“जवारी लागेना, बाई. चार दाणे काढा.”
त्यांच्याच तुटक्या तारांनी
मिशन कंपाउंडभर टांगली,
अन् खेळ ठेवला रात्री, दिवे घालवून.

मिरजेचा एप्रिल. वारा पार पडलेला.
पोरं धडपडली, एकजण नळावर आपटला.
तेव्हा योना भोरे, ज्याला दिवसाही दिसत नाही,
खेकसला, “चपला काढा आधी!”

प्रार्थनेत कधी नसतात इतकी गप्प
उभी राहिली सगळी.
मग कडुलिंब हलला.
“मोहरी. जास्वंदीपाशी. खाली.
बाजरी, जीपच्या मागं.”
नामी त्याचा सदरा धरून,
टोपली पुढं.

एकोणीस सापडली. टांगलेली वीस.
दिवे लावून बघू, म्हटलं,
तर पोरंच ओरडली, नको!

आता रात्री अडीचला
कुठंतरी बाजरी हलते,
आणि मी चपला काढून
अंगणात उभी.