एकाच नंबरची नोट

दर तिसऱ्या महिन्यात एका मंगळवारी,
उपाशी यायला सांगत नाहीत, तरी मी चहा न घेता निघतो.
बिटकोवरून रिक्षा, द्वारकेला उतरून दुसरी,
गंगापूर रोडच्या लॅबमध्ये हर्षाली गांगुर्डे
दंडाला पट्टा आवळते: "काका, मूठ."

एकतीस वर्षं प्रेसमध्ये होतो, तपासणी खात्यात.
कोरा कागद मोजून आत, छापलेला मोजून बाहेर,
फाटलेलाही मोजूनच भट्टीत.
भोंगा झाल्यावर गेटवर डबा उघडून दाखवायचा.
एक नंबर दोनदा आला
तर अख्खी रात्रपाळी घरी जात नसे.

आता माझ्याच हाडांत कुणीतरी
एकाच नंबरची नोट छापतंय.
शाई, धागा, सगळं हुबेहूब.
फक्त कुठल्याच तापाला ती चालत नाही.

डॉक्टर बोराडे म्हणाले, मज्जेचा विकार.
नात हसली. तिला मज्जा ठाऊक ती सुट्टीतली.
मीही हसलो.
कमरेच्या हाडात सुई फिरली त्या दिवशी
पालथा पडून कॅलेंडरमधले शनिवार मोजले होते.

आता दर वेळी हाड उघडत नाहीत.
छापखान्यात न शिरता
बाजारातल्या नोटा मोजाव्यात, तसं रक्त.
पिवळ्या झाकणाची नळी,
वर साचलेलं गव्हाळ पाणी विजेवर पळवतात
आणि कागदावर डोंगररांग उमटते:
आधी अल्ब्युमिनचा मोठा डोंगर, मग टेकाडं,
आणि शेवटी, जिथे पसरट पठार हवं,
तिथे सुळका.
त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीपाशी दिसतो तसा,
एकटा, अंगावर येणारा.

दोन पॉइंट आठ. एक पॉइंट एक.
दिवाळीत शून्य पॉइंट तीन.
बायको वहीत लिहिते, दुधाच्या हिशेबाखाली.
कप्पा, लॅम्ब्डा तिच्या तोंडी बसलेत
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंसारखे:
"कप्पा गप्प आहे ना या वेळी?"

आजचा रिपोर्ट मोबाइलवर आला
जेल रोडला, मेथी घेताना.
शून्य पॉइंट पाच.
डॉक्टर म्हणतील, एका आकड्यावर जाऊ नका.
ताजनपुरे असता तर म्हणाला असता,
फरक दिसला की आधी पुन्हा मोज,
मग बोंब मार.

मेथीवाल्याला वीसची दिली.
त्याने बघितलीही नाही, पोत्याखाली सरकवली.
परत आलेली दहाची मात्र मी
सवयीने उन्हात धरली,
नंबर वाचला.
वेगळा होता.
नेहमीच असतो.