पाणीपाळी, मिस्फात

गाडी थांबते तिथून गाव नुसतं खाली उतरतं.
निनादने पायऱ्या मोजून आणल्या,
पहिल्या वळणापर्यंत एकशे चौदा.
पुढच्या सोडून दिल्या. कठडा कुठेच नाही.
"आई, खुर्चीसकट उचलून नेऊ का? आम्ही चौघं आहोत."
मी म्हटलं, चौघांनी उचलायची वेळ येईल रे,
आत्तापासून सराव नको.
कुणी हसलं नाही. मग सगळे उतरले.

मी वर, दगडी ओट्यावर,
शेजारी चार पायांची काठी
आणि समोर पाट,
हातभर रुंद, गिलावा केलेला, भरून चाललेला.
इथे त्याला फलज म्हणतात.
म्हणोत. पाट तो पाटच.

अठ्ठावीस वर्षं कालव्यावर काढली मी.
अनुकंपेवर लागले तेव्हा साहेब म्हणाले होते,
बाईमाणूस, टेबलावर बसा.
नाही बसले.
भरावावरून रोज अकरा किलोमीटर,
रात्री बॅटरी घेऊन,
कोण दार चोरून उघडतंय ते बघत.
खुब्याचं हाड तिथेच कुठेतरी झिजलं असणार.
खात्याला तसं कळवलेलं नाही.

समोर भिंतीच्या सावलीत खल्फान,
नव्वदीला टेकलेला.
त्याच्या खजुरी खाली, डोंगराच्या चौथ्या तालीवर.
सहा वर्षांत त्याने त्या पाहिलेल्या नाहीत.
हे मला मोफज्जलने हिंदीतून सांगितलं.
तो सिल्हेटचा. गावचं पाणी हल्ली तोच फिरवतो.
"बाबा रोज विचारतो, झाडं कशी आहेत.
मी रोज सांगतो, उभी आहेत."

पाळी किती? मी विचारलं.
अर्धा तास, आठव्या दिवशी.
मोजता कशावर?
मोफज्जलने मोबाइल दाखवला.
खल्फानने नापसंतीने जीभ वाजवली
आणि भिंतीवरच्या उन्हाकडे बोट केलं:
सावली तिसऱ्या दगडाला टेकली की त्याची.
मग आम्ही तिघं सावलीकडे बघत बसलो,
टेलचे शेतकरी कालव्याकडे बघतात तसे.

खालून हाक आली, कुणाचा तरी बांध फुटलेला.
मोफज्जल तीन-तीन पायऱ्या टाकत गेला.
तेवढ्यात सावली टेकली.

दार म्हणजे एक चपटा दगड, भोवती चिंध्या कोंबलेल्या.
खल्फानने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
त्याला वाकता येत नव्हतं.
मलाही.
काठीचा एक पाय चिंधीत अडकवला, ओढला.
नाही.
पुन्हा. ओट्याला गच्च धरून, दातांवर दात.
दगड आडवा पडला
आणि पाणी वळलं,
एकशे चौदा आणि पुढच्या न मोजलेल्या,
सगळ्या पायऱ्यांच्या बाजूने
खळखळत गेलं खाली.

मोफज्जल परतला, दार लावलं.
मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं जास्त.
नोकरीत असते तर पंचनामा केला असता.

निनाद घामाघूम वर आला, व्हिडिओ दाखवायला:
बोळ, कोरीव दरवाजा, एक गाढव,
खजुरांची कोरडी आळी,
"आणि हे बघ, इथे अचानक पाणी आलं, कुठून कळलंच नाही!"
कुठून ते मी सांगितलं नाही.
फोन खल्फानच्या हातात दिला.

तो झाडं मोजू लागला.
बोट लागलं की चित्र थांबायचं.
निनाद ते चालू करून द्यायचा, तो पुन्हा पहिल्यापासून.
चौथ्यांदा त्याने बोट एका रिकाम्या जागी ठेवलं
आणि उचललंच नाही.
मोफज्जल पाटाकडे बघत उभा राहिला.
मग म्हातारा काहीतरी बोलला, लांबलचक, हळू.
त्याचं हिंदी कुणी करून दिलं नाही.

निघताना त्याने माझ्या ओंजळीत खजूर ओतले,
मोजले नाहीत.
काठीचं रबर
निझव्यापर्यंत ओलं होतं.