चाळणीला जाळी

बोहरी आळीत, तराजूवाल्याच्या दुकानाला खेटून
हकीमुद्दीनशेठचं दुकान. फक्त चाळण्या.
गव्हाच्या, रव्याच्या, मेंदीच्या, वाळूच्या.
एक तर इतकी बारीक
की उजेडसुद्धा तिच्यातून गाळून येतो.

शेठ म्हणाले, बेटा, तुमच्या त्या मोबाइलात
आपलं दुकान दिसू दे.
मी डेक्कनवर तीन महिन्यांचा कोर्स केलेला.
म्हटलं, आठ दिवसांत बघा.

फोटो नेटवरून उचलला:
पांढऱ्या ओट्यापाशी सोनेरी केसांची बाई
मैदा चाळते आहे, आणि हसते आहे.
मैदा चाळताना कोण हसतं,
हे निदान आईला तरी विचारायचं.
वय टाकलं अठरा ते पासष्ट. ठिकाण: भारत.
जाळं मोठं तर मासे जास्त, इतकीच माझी अक्कल.

पाच हजार रुपयांत अडीच लाख लोकांनी पाहिलं.
गुवाहाटीहून बदाम आले.
जालंधरच्या एकाने विचारलं, फोटोतल्या त्या तुम्हीच का?
मी रंगीत आलेख छापून नेले.
शेठनी चष्मा कपाळावर सरकवला,
गल्ला उघडला, बंद केला.
म्हणाले, एवढे लोक आले,
शिरले कुठल्या दारानं?

नवव्या दिवशी सहकारनगरहून खांबेटेबाई आल्या.
भूमितीच्या निवृत्त शिक्षिका, हातात शंभर पानी वही.
नंबरात मी सहाच्या जागी नऊ टाकला होता.
'आत्ताच फोन करा' असं वर लिहून
वेळ लावली होती रात्री साडेअकराची,
कारण तेव्हा लोक जागे असतात, असं शिकवलं होतं.
'असतात,' बाई म्हणाल्या. 'मीही होते.'

मी खाली बघून उभी.
त्यांनी वही काउंटरवर ठेवली. त्रेचाळीस फोन.
पहिले दहा झापलेले, तसं समासात लिहिलेलं.
मग अक्षर हळूहळू सुधारत गेलेलं:
हडपसरची बेकरी, तार लवकर फाटते, आठवड्याला दोन.
भोरचा बचतगट, नाचणीसाठी.
एक रांगोळीवाले. एक वैद्य, भस्मासाठी, घाई नाही.
कात्रजची एक मुलगी, वीस मिनिटं,
चाळणीचं काही नाही.

शेठनी कानामागची पेन्सिल काढली
आणि नावानावापुढे जाळीचा नंबर घातला.
वीस. चाळीस. ऐंशी.
कात्रजपाशी पेन्सिल थांबली, पुढे गेली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
चाळणीला जाळी नसली, बेटा,
की उरते ती नुसती कड.
पोरं रस्त्यावर काठीनं पळवतात ना, ती.

बाईंनी चहाची एक गाळणी घेतली.
पाच रुपये कमी करून घेतले,
त्रेचाळीस फोनांचे म्हणून.

रात्री मी सोनेरी बाई काढली, शेठचा हात लावला,
तारेने चिरलेल्या अंगठ्यासकट.
पुणे आणि आसपास. सकाळी दहा.
नंबर तीनदा मोठ्याने वाचला.
बदाम आले सात. फोन आले चार.

गुरुवारी खांबेटेबाईंचा फोन.
'हल्ली कुणी विचारत नाही वाटतं?'
म्हटलं, विचारतात, आता इकडे.
बराच वेळ पलीकडे पंख्याचाच आवाज.
मग म्हणाल्या, बरं झालं.
फक्त ती कात्रजची मुलगी तुमच्याकडे आली,
तर तिला माझाच नंबर द्या.
नऊवाला.