दोन मात्रा कमी

तारखा मला विचारू नका, बाई.
तारखा एनिडच्या वहीत होत्या, आणि ती वही
पुरात गेली, तळघरातल्या पियानोसकट.
मी ड्रमवाला. मला फक्त ठेका आठवतो.

सुरुवात एका भेगेपासून झाली.
हल बंदरात एका बोटीवरचा भटारी उतरला,
लोकरी विजारीत गुंडाळलेली तबकडी घेऊन,
न्यू ऑर्लिन्सच्या बाजारातली, म्हणे,
दोन सिगारेटींच्या बदल्यात घेतलेली.
धक्क्यावरच ती त्याच्या हातून निसटली.
फुटली नाही. तडकली.

तेव्हा साखरसुद्धा रेशनवर होती.
हॉरेस मडचा बाप हेरिंगला धुरी द्यायचा.
त्या धुराड्याखालच्या तळघरात आम्ही सहा जण
ग्रामोफोनभोवती शेकोटीला बसावं तसे बसलो.
हॉरेसच्या ट्रॉम्बोनला मरेपर्यंत मासळीचा वास होता.
विल्फचं कॉर्नेट प्रार्थनामंदिराच्या बँडमधून उसनं आणलेलं,
परत करायचं अजून राहिलंय.
डेन्झिलचं क्लॅरिनेट रबरबँडनं बांधलेलं.
बँजो क्लेम रॅस्पिनचा. त्याचे हात जाळी विणणारे,
चार तारा म्हणजे त्याला सुट्टीच.

सुरांची लिपी एनिड सोडून कुणाला येत नव्हती.
सुई जाईल तिकडे आम्ही.
भेगेवर आली की सुई उडी मारायची,
दोन मात्रा गिळून पुढे जायची.
आम्हीही गिळल्या.
आम्हाला वाटलं, तिकडे असंच वाजवतात.
मंगळवारी रात्री, ब्लू अँकरच्या मागच्या खोलीत,
नाचणाऱ्यांची पावलं त्या जागी अधांतरी व्हायची.
अंधारात जिना संपला तरी
पाय आणखी एक पायरी शोधतो ना, तशी.

मग ते दिवस आले.
लंडनहून एक चिरूटवाला आला. त्यानं आम्हाला
पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं चढवली, डोक्यावर बोलर टोप्या,
नाव ठेवलं 'कर्नल मड आणि त्याची पलटण'.
हॉरेसला सैन्यानं सपाट तळपायांपायी घरी पाठवलेलं!
दोन उन्हाळे. मुली आमच्यामागे धावल्या, हे
लिहून घ्या, कुणी विश्वास ठेवणार नाही.
एनिड हिशेब ठेवी, तुटली बटणं लावी,
आणि आमच्या सगळ्यांपेक्षा बरं वाजवी.
चिरूटवाल्याच्या फोटोत ती कधीच नव्हती.

त्यानंच कोरी तबकडी आणली.
"ऐका," म्हणाला, "तुमचं चुकतंय."
ऐकली.
त्या दोन मात्रांत काही नव्हतं हो,
क्लॅरिनेटवाल्याचा नुसता एक श्वास.
विल्फनं कॉर्नेटमधली थुंकी झटकली
नि म्हणाला, "छान आहे. पण आपलं आपल्याला पाठ आहे."

पुढच्या हिवाळ्यात गिटारी आल्या.
कुणी हाकललं नाही आम्हाला.
एका शुक्रवारी फोन वाजला नाही, झालं.
जाकिटांचे एनिडनं उशांना अभ्रे केले.
क्लेम पुन्हा ट्रॉलरवर गेला, आइसलंडच्या वरच्या अंगाला.
तिथं दोरांवर बर्फ धरतो,
कुऱ्हाडीनं फोडत राहावं लागतं, नाहीतर बोट कलंडते.
त्यानंतर आम्ही बँजोवाला घेतला नाही.
मंगळवार मात्र सोडला नाही.

गेल्या मार्चमध्ये हॉरेसला पोचवलं.
मी आणि एनिड. बाकीची पोरं कॉलेजातली,
कागद समोर ठेवून वाजवणारी. गुणी.
त्यांना सांगितलं, इथं दोन मात्रा नाहीत.
पोरगा म्हणाला, "आजोबा, कागदावर आहेत."
म्हटलं, मग कागदाला तू समजाव.

पाद्री नवा होता. पहिल्या बाकापाशी
खुशीत बूट आपटत होता.
भेग आली. आम्ही उडालो,
आणि तो मागे राहिला, दोन मात्रा,
शेवटपर्यंत, बिचारा, काय झालं ते न कळून.
एनिडनं पियानोवरून माझ्याकडे पाहिलं.

तेवढं लिहा.
तारखा चर्चमागच्या दगडांवर मिळतील.
कॉर्नेटचं मात्र कुणाला सांगू नका.