रकाना

पाटीवर अजून सासऱ्यांचंच नाव आहे :
किंतेला आणि पुत्र. कुलुपं, किल्ल्या, तिजोऱ्या.
पुत्र म्हणजे बेल्मीरू, साठीला टेकलेला,
आणि पाटीवर नसलेली मी,
मागच्या खोलीत जमाखर्च लिहिणारी.

पोर्तूत हल्ली घरं विकली जातात
ती आतल्या माणसांसकट,
आणि मग माणसं वेगळी काढावी लागतात,
माशातून काटा काढावा तशी.
तेव्हा फोन येतो आम्हाला.

मार्चच्या पानावर एकच ओळ अकरा वेळा :
कुलूप बदललं. एकशेवीस युरो. रोख.
कुणाचं, कशासाठी,
त्याला वहीत रकाना नव्हता.
मी कधी आखलाच नव्हता.

बारावं घर तिसऱ्या मजल्यावर.
बेल्मीरूनं ड्रिल भिंतीला टेकवलं,
सुटातला माणूस घड्याळ बघत उभा,
आणि जिन्यात सपाता घातलेल्या एर्मीनियाबाई,
हातात कढई, कढईत अजून कोमट तेल.
रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.
पितळेची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली :
"पावसाळ्यात दार फुगतं.
किल्ली जरा डावीकडे दाबून फिरवायची.
येणाऱ्याला सांगा."

किल्लीच्या मुठीवर छोटासा क कोरलेला.
त्याच्या बापाच्या हातचा.

त्या रात्री तो जेवला नाही.
किल्ली मिठाच्या भांड्याशेजारी, आणि आम्ही दोघं वहीसमोर.
मी बेरीज केली. शंभरातले एकेचाळीस
त्या एका ओळीतून येत होते.
मी म्हटलं, तू नाही गेलास
तर मातोझीन्युशचा तो पोरगा जाईल,
त्याच्याकडे ड्रिल तुझ्यापेक्षा चांगलं आहे.
तो म्हणाला, जाऊ दे.
त्याची वही त्यानं लिहावी.

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
तत्त्व त्याचं, आणि पीठ-मीठ-तेल माझ्या अंगावर.
दोन दिवस मी त्याच्याशी फक्त आकड्यांत बोलले.

व्हॅन विकली. आता तो ट्रामनं जातो,
हत्यारांची पेटी मांडीवर, लेकरासारखी.
मध्यरात्रीचा जादा आकार बंद केला;
कुणी दाराबाहेर अडकलं तर दिवसाचाच दर.
जुनं कुलूप दुरुस्त होत असेल तर नवं गळ्यात मारायचं नाही,
म्हणजे नफा गेलाच.
मुदतवाढ मागायला बँकेत मी गेले.
तिथल्या तरुण बाईनं विचारलं, व्यवसायाची नवी दिशा काय?
मी म्हटलं, उलटी.

आणि तरी मे महिन्यात त्यानं एक कुलूप बदललं.
रात्री अकराला, गाया गावात, नदीपलीकडे,
एका मुलीच्या दारावर; तिचा ओठ सुजलेला,
नवरा कामावरून परतायला दोन तास होते.
तेच ड्रिल, तोच हात, तीच पितळी धूळ फरशीवर.
पैसे घेतले नाहीत.
परत येऊन तो बराच वेळ
हात धूत बसला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

ऑक्टोबरात बॉयलर फुटला.
तेव्हा एक जुन्या प्रकारचं काम घेतलं,
एकशेवीस, रोख.
मीच सांगितलं घ्यायला.
ती ओळ मी शाईनंच लिहिली, पेन्सिलीनं नाही.

नव्या वर्षाच्या वहीत मी पट्टी घेऊन
एक उभी रेघ जास्तीची ओढली.
रकान्याला नाव दिलं : कुणासाठी.
रुंदी कमी पडली, अक्षरं दाटीवाटीनं बसतात.
सुटातल्या माणसांचे फोन अजून येतात,
बेल्मीरू "नाही" म्हणतो आणि लगेच माझ्याकडे बघतो.

एर्मीनियाबाईंची किल्ली गल्ल्यावर खिळ्याला टांगली आहे.
आता ती जगातलं कुठलंच दार उघडत नाही.
पण मान ओलीचिंब असली की आपोआप
माझा अंगठा तिला डावीकडे दाबतो.

आजची नोंद :
पोस्टमन, सायकलचं कुलूप, किल्ली दोरू नदीत पडली.
चार युरो.
सुटे नव्हते, उद्या देतो म्हणाला.