दोघांचं काम

अस्वलाला विमान नको होतं,
त्याला मासे हवे होते.
हिल्क्काने ऑक्टोबरात, तळं गोठायच्या आत,
पंखाच्या आधारदांडीवर जाळं वाळत टाकलं होतं.
जाळं तिने काढून नेलं, वास तिथेच राहिला.
रात्री कुणीतरी येऊन नीट विचारपूस केली:
चार नख्यांनी, वरून खाली, दीड पुरुष लांब.

पंख सोडवून, घसरगाडीला बांधून
तिने माझ्या शेडमध्ये आणला.
पोटातून फासळ्या दिसत होत्या, लाकडी, बारीक,
आणि एका कोपऱ्यात उंदराचं घरटं,
त्यात माझ्याच गोधडीचा कापूस.

वसंतात बेटांवर टपाल जायला हवं, ती म्हणाली,
आणि म्हाताऱ्या सिल्याचं इन्सुलिन.
होईल, मी म्हणालो.
तुझ्याने एकट्याने नाही, ती म्हणाली.
सांधे सुजलेली बोटं माझ्यापुढे धरली:
यांना सुई धरवत नाही. मी उर्होला सांगितलंय.

उर्हो माझा धाकटा भाऊ.
वडिलांची सावना त्याने विकली त्याला
अकरा हिवाळे झाले.
दुकानात तो असेल तर मी दूध उद्यावर ढकलतो.

पहिले दोन दिवस फक्त कातरीचे.
मला वाटलं होतं, नख्यांपुरतं कापून भागेल.
पण फाटक्याला फाटकं धरत नाही,
शाबूत कापड लागेपर्यंत मागे मागे जावं लागतं,
आणि ते किती मागे आहे
हे कापल्याशिवाय कळत नाही.

मग नवं कापड, डिंक, इस्त्री.
सुरकुत्या आक्रसत गेल्या,
बोटाने वाजवलं तर हलगी.

पंख आम्ही कडेवर उभा केला.
अलीकडे मी, पलीकडे तो,
मधे पांढरी, उजेड झिरपणारी भिंत.
सोय झाली: तोंडं बघायला नकोत.

हातभर सुई. मेण घासलेला दोरा.
मी फासळीच्या डाव्या अंगाने खुपसतो,
तो पलीकडून ओढतो,
उजव्या अंगाने परत पाठवतो,
मी गाठ मारतो, आवळतो,
तीन बोटं खाली पुन्हा.
फासळीमागे अठरा टाके,
फासळ्या सात.

दिवा त्याच्या बाजूला होता.
कापडावर त्याची सावली: खांदे वडिलांचे,
पण वडील इतके वाकले नव्हते.
पहिल्या फासळीला सुई भलतीकडूनच यायची.
एकदा माझ्या अंगठ्यात घुसली.
मी ओरडलो नाही.
सावली मात्र थांबली,
जरा वेळ तशीच राहिली.
त्यानंतर प्रत्येक वेळी
सुईचं टोक आधी कापडाला हलकंच टेकायचं,
एक उंचवटा, तांदळाएवढा.
येऊ का, म्हणून विचारावं तसं.
मी बोट बाजूला घेतलं की मगच यायची.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावायचं म्हणतात.
आभाळाचं मला माहीत नाही.
आभाळात जाणाऱ्या कापडाला मात्र
तीन-तीन बोटांवर लावता येतं,
पलीकडे कुणी असेल तर.

पाचव्या फासळीला पलीकडून आवाज आला:
"दोरा संपला."
जाडसर झालाय त्याचा आवाज.
"खिडकीत आहे," मी म्हणालो. "मेण लावून घे."
तेवढंच. सावनाचा विषय नाही.
विकली ती विकली, मी ते विसरलेलो नाही.

अजून डोपचे हात द्यायचे आहेत,
शेडभर अति पिकलेल्या पेअरचा वास सुटेल,
दारं उघडी टाकून थंडीत कुडकुडावं लागेल.
त्याला एक माणूस पुरतो.

सातव्या फासळीचे चार टाके राहिलेत.
मी सुई पाठवली.
परत यायला ती फार वेळ लावते आहे,
आणि मीही दोरा ओढत नाही.