दुसरा हात

अकरा महिने नांदेडच्या उन्हात उभी होती शिडी,
वर जाऊन कुठंच न उघडणारी.
दिगांबर सूर्यतळे दर सोमवारी
तिच्या चाकांना तेल द्यायचा.
पगार बंद. तरी म्हणायचा,
चाक जाम झालं तर बोल आपल्यालाच.

मग दोघं आले, टॅब घेऊन.
दिवाळं निघालेली तुमची कंपनी आम्ही घेतली, म्हणाले.
विमानं नकोत, ती भाड्याचीच होती.
हव्यात वेळा:
हैदराबाद सकाळी सहा-चाळीस,
अमृतसर मंगळवार, शनिवार.
मला हसू आलं. आमच्याकडं वेळच तर उरला होता.

त्यांनी मोजलं. ट्रॉल्या चौदा,
छत्र्या नऊ, दोरीचे खांब,
वजनकाटा एक
(दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो,
ते मी सांगितलं नाही).
माणसं दुसऱ्या पानावर होती
आणि दुसरं पान उघडेना. नेटवर्क नव्हतं.

फोन करू, म्हणाले.

रंगाचे डबे मात्र चार दिवसांत आले.
निळ्यावर पिवळा, एक हात, मग दुसरा.
सुकायच्या आत गोदावरीकडून वारं सुटलं,
धूळ बसली ती बसलीच.

आज दिगांबरनं हाक मारली,
"नसरीनबाई, इकडून बघा, जरा तिरपं."
उतरत्या उन्हात जुनं नाव
पिवळ्याखालून फुगून वर आलेलं,
पाठीवरच्या वळासारखं.

"खरवडू का?"

राहू दे.
उद्या तिसरा कुणी येईल डबा घेऊन.
चाकांना तेल दिलंस का?
सोमवार आहे.